मधल्या पाण्यात

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
सव्वीस जानेवारीला मला उशीर झाला.
रायबंदरच्या धक्क्यावर धुकं इतकं
की फेरी सुटेना; समोरचं चोडण
कुणीतरी खोडरबरानं पुसून टाकलेलं.
पांढरी साडी, पदराला टोचलेला कागदी तिरंगा,
हातात मुलांसाठी घेतलेल्या गोळ्यांची पिशवी.
आठला पाच कमी असताना
सगुणनं इंजीन सुरू केलं.

खरं सांगायचं तर मी राष्ट्रगीत म्हणत नाही.
ओठ हलवते.
डोळे रांगांवर: कोण नाक खाजवतं,
कुणाची मूठ सुटते, कुणाच्या पायाला मुंगी चावते,
तिसऱ्या रांगेतला प्रणिल
दुसऱ्या ओळीलाच सगळ्यांच्या पुढे धावतो
आणि माझी नजर लागली की गप्प होतो.
बावन्न सेकंद मी पहारा देते.
देश मनात येतो का? येतो कधी कधी.
बहुतेकदा येतं ते हे, की बुंदी पुरेल ना.

नदीच्या मधोमध पोचलो
तेव्हा धुक्यातून कर्ण्याची खरखर आली.
हेडसरांचा खोकला. ओळखीचा.
मग माझ्याशिवाय सुरू झालं.

फेरीत आम्ही उभेच होतो,
बाकं दोनच, तीही दवानं ओली.
तरी काहीतरी बदललं.
स्कूटरवरचा मुलगा उतरला,
हेल्मेट काढून पोटाशी धरलं,
कुणी हसेल असं वाटलं असावं, परत घातलं.
शेवंतीनं डोक्यावरची पाटी उतरवली नाही,
फक्त बांगड्यांच्या भावाचं बोलणं मधेच तोडलं.
दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला आलेले दोघे
एकमेकांकडे बघत राहिले: इथंसुद्धा?

सगुणनं चाक सोडलं नाही.
सोडून कसं चालेल?
ओहोटी आम्हा सगळ्यांना समुद्राकडे ओढत होती.
तो ताठ नव्हता, पार एका बाजूला कललेला,
दोन्ही हात गुंतलेले, नजर धुक्यात,
आणि इतकी वर्षं मी ओरडत आलेय तो शब्द,
'सावधान',
मला तिथं अर्थासकट दिसला.
वर्गात हे सांगणार नाही.
कवायतीच्या तासाला गोंधळ होईल.

बाकावर इनासमाम बसून होता, गुडघ्यांत काठी.
मी त्याच्याकडे
रांगेतल्या मुलाकडे बघते तसं बघितलं असणार.
"बाय," तो म्हणाला, "ल्हान आसतना
आमकां दुसरें गीत आशिल्लें.
तेन्नाय पांय दुखताले.
मागीर एक दिसा गीत बदल्लें. पांय तेच."
जरा थांबून म्हणाला, "धाकटो पूत आतां
तिसऱ्याच गीताक उबो रावता, स्विंडनाक.
सांगता, थंय पांय दुखनात. थंड मारता."
एवढं बोलून काठी टेकत उठायला लागला.
मी "बसा हो" म्हणेपर्यंत उभा झाला,
आणि तेवढ्यात गीत संपलंही.

मी ओठ हलवले नव्हते.
पहारा द्यायला कुणी नव्हतं.
हात मात्र खाली ताठ, बोटं शिवण शोधत होती.
साडीला तिथं शिवण नसते.

लोखंडी फळी दणकन धक्क्यावर पडली.
शाळेत पोचले तर बुंदी वाटून झालेली.
हेडसर घड्याळ बघून नुसतं "धुकं?" म्हणाले.
झेंड्यातून सुटलेल्या झेंडूच्या पाकळ्या
पटांगणभर, निम्म्या तुडवलेल्या.
प्रणिल धावत आला, गाल फुगलेला:
"बाई, आज तुम्ही नव्हता ना,
म्हणून मी मोठ्ठ्यानं म्हटलं!"

मी काहीच बोलले नाही.
पिशवीची गाठ सोडत राहिले.
माझीच गाठ, पहाटे मीच मारलेली,
घट्ट, सुटता सुटेना.

"दातानं सोडू?" त्यानं विचारलं.